चमत्कार आणि संशय : 'स्टिगमाटा' व 'संत तुकाराम' यांचा तौलनिक विचार

रुपर्ट वेनराइट दिग्दर्शित 'स्टिगमाटा' (१९९९) हा भयपट असला, तरी धर्मसत्तेने दडपलेले वचन हाच त्याचा मूळ विषय होय. पिट्सबर्गमधील केशभूषाकार फ्रँकी ही नास्तिक तरुणी. एका दिवंगत धर्मगुरूची जपमाळ हाती आल्यावर तिच्या अंगावर ख्रिस्ताच्या क्रूसावरील जखमा उमटतात. त्यांची चौकशी करणाऱ्या फादर कीर्नन यांना त्यामागे दडवून ठेवलेले एक शुभवर्तमान आढळते. ते उजेडात येऊ नये म्हणून एक कार्डिनल फ्रँकीचा गळा आवळण्यापर्यंत मजल गाठतो.

मराठी अभ्यासकास येथे दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) आठवणे स्वाभाविक आहे. तेथेही धर्मपंडिताच्या आज्ञेने इंद्रायणीत बुडविलेली गाथा परत येते. दोन्हीकडे चमत्कार हा वचनाचा साक्षीदार ठरतो.

मात्र संशयाच्या हाताळणीत मूलभूत भेद आहे. फ्रँकीचा अविश्वास लवकरच मावळतो; पुढे तिच्या मुखातून मृत धर्मगुरूच बोलू लागतो आणि तिचा देह केवळ माध्यम उरतो. याउलट आवली पोराबाळांच्या भुकेचा प्रश्न सतत विचारीत राहते. तुकोबा वैकुंठास निघाले, तरी ती संसारातच असते. म्हणूनच तेथील चमत्कारास जगण्याचे वजन लाभते.

शेगावच्या गजानन महाराजांच्या कथा ऐकत वाढलेल्या वऱ्हाडी प्रेक्षकास चमत्काराचे नावीन्य नाही. त्यापुढील माणूस त्यास महत्त्वाचा वाटतो. 'स्टिगमाटा' चर्चवर वचन दडपल्याचा आरोप करतो आणि स्वतःच्या नायिकेचा आवाज मात्र दडपतो, ही त्याची मोठी मर्यादा होय.