‘बोलता येते’ आणि ‘बोलवते’ : सामाजिक आधाराच्या एका मापनश्रेणीविषयी

मानसशास्त्रातील मापनश्रेणी हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा प्रांत नव्हे, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. परंतु श्रेणी एका भाषेतून दुसरीत आणली जाते तेव्हा तिच्यातील प्रत्येक विधान हे प्रथम एक वाक्य असते. आणि वाक्याचे परीक्षण करण्याचा अधिकार आम्हांस सोडवत नाही.

ग्रेगरी झिमेट व त्यांचे सहकारी यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘जाणवणाऱ्या सामाजिक आधारा’ची बहुमितीय श्रेणी तरुणांच्या विकासाचा अभ्यास करणाऱ्यांच्या सतत हाताशी असते. तिची कीर्ती अनाठायी नाही. अवघी 12 विधाने. कुटुंब, मित्र व ‘खास व्यक्ती’ या तीन उगमांना प्रत्येकी 4. उत्तरासाठी 7 पायऱ्या. आधार प्रत्यक्ष किती मिळाला याची मोजदाद न करता तो आहे असे माणसास वाटते की नाही, हे विचारावयाचे, ही तिच्यामागील दृष्टी मोलाची आहे. आधार ताणाचा आघात कसा सौम्य करतो याची जी चर्चा शेल्डन कोहेन व टॉमस विल्स यांनी 1985 मध्ये केली, तिच्याशी ती जुळते. हाक मारल्यास कोणी येईल एवढा भरवसाही संकटास लहान करतो.

मूळ श्रेणी मात्र अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या 275 विद्यार्थ्यांवर पारखली गेली. घर सोडून शिकावयास आलेल्या तरुणाच्या जीवनात कुटुंब, मित्र आणि ती एक व्यक्ती हे निरनिराळे कप्पे असणे समजण्यासारखे आहे. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटासाठी ख्यात असलेले बंदर घ्या. तेथे बोटीचा तांडेल मामा असू शकतो. शेजारी जाळे ओढणारा खलाशी चुलतभाऊ असतो, आणि तोच शाळेपासूनचा सोबतीही. त्यास कोणत्या कप्प्यात घालावे? उत्तर देणारा त्याला दोनदा मोजतो, किंवा एकदाही नाही. बेरीज दोन्ही वेळा बिनतक्रार होते.

‘खास व्यक्ती’चे भाषांतरही सोपे नाही. ‘विशेष’ म्हणावे तर अलीकडच्या मराठीत त्या शब्दावर दिव्यांगत्वाची छाया पडली आहे. ‘जवळची’ म्हणावे तर ती घरच्यांत मिसळते. आणि ‘खास’ म्हटले की मुलगे हसतात व मुली आईकडे पाहतात. ‘अत्यंत तीव्रपणे असहमत’ ही पायरी तर मराठीत कोणी बोलतच नाही.

परंतु खरी अडचण नामात नसून क्रियापदात आहे. आपल्या अडचणींविषयी घरी व मित्रांशी बोलणे शक्य आहे काय, हे श्रेणी विचारते. तेथील ‘कॅन’चे भाषांतर सरधोपटपणे ‘बोलू शकतो’ असे केले जाते. मराठीत मात्र ‘बोलता येते’ हा एक प्रयोग आहे आणि ‘बोलवते’ हे शक्य क्रियापद दुसरे. पहिल्यात दार उघडे असल्याचे कळते. दुसऱ्यात ते ओलांडण्याचे बळ मनास आहे की नाही ते. सातपाटीच्या धक्क्यावर विशीतल्या एका तरुणास मी हे विधान तोंडी विचारले. तो म्हणाला, “घरी बोलता येते, पण बोलवत नाही. बाबांवर बोटीचे कर्ज आहे.” (त्याच्या बोलीतील वाक्य येथे प्रमाण मराठीत दिले आहे.)

या तरुणास 6 गुण द्यावयाचे की 2? एका वाक्यावरून गावाविषयी काहीच सिद्ध होत नाही, हे मान्य. भाषेविषयी मात्र एवढे सिद्ध होते की यांपैकी एक विधान खरे असताना दुसरे खोटे असू शकते. 2 गुण पडले तर ‘कौटुंबिक आधार अल्प’ असा निष्कर्ष निघेल आणि दोष त्या बापाच्या माथी जाईल. वस्तुतः मुलगा निराधार नाही. आपल्या आधारावर आणखी भार घालू नये असे त्यास वाटते. तो वयात येत आहे, म्हणजे आधार घेणारा होता तो देणारा होत आहे. तरुणांच्या विकासाचा हाच गाभा असताना 12 पैकी एकही विधान आपण कोणास आधार देता, असे विचारीत नाही. ही उणीव केवळ भाषांतराची नव्हे, असे माझे मत आहे.

ही श्रेणी प्रबंधासाठी वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते विधान दोन्ही क्रियापदांनी स्वतंत्रपणे विचारावे. मूळ गुणांशी तुलना त्यामुळे बिघडेल, हे मी जाणतो. ते नुकसान सोसण्याजोगे आहे. शिवाय उत्तरे कोणत्या महिन्यात घेतली हेही नोंदवावे. 1 जूनपासून मासेमारीबंदी सुरू होते, बोटी किनाऱ्यास लागतात, आणि बापलेक दिवसभर एकाच घरात असतात.