उष्टे आणि उरलेले

धम्मपदाच्या सुखवग्गात भुकेची गणना परम रोगांत केली आहे. त्यामागची कथा अट्ठकथेत येते. आळवी येथील एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत रानोमाळ हिंडला आणि उशिरा, उपाशीपोटी देशनेच्या ठिकाणी पोहोचला. तोवर भगवंतांनी देशना आरंभिली नव्हती. संघाच्या भोजनातून काही उरले आहे काय, अशी त्यांनी पृच्छा केली, त्या माणसास बसवून जेवू घालण्यास सांगितले आणि मगच धम्म कथन केला.

या कथेतील एका तपशिलाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या शेतकऱ्यास मिळाले तेही उरलेलेच अन्न होते. परंतु ते उष्टे नव्हते. त्याला बसवले गेले, आदराने वाढले गेले. उरलेले आणि उष्टे यांतील अंतर अन्नात नसते, ते देणाऱ्याच्या दृष्टीत असते. दलित साहित्यातील भूक वाचताना हीच कसोटी लावली पाहिजे, असे आमचे मत आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनाच्या आरंभी शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले एका झाडाखाली जेवतात, महारांची मुले वेगळी बसतात आणि सवर्णांचे उरलेसुरले त्यांच्या वाट्याला येते. घरी आल्यावर, त्यातले आपल्यासाठी का आणले नाही, असे आई विचारते. समीक्षकाने येथे केवळ ‘कारुण्य’ पाहिले, तर तो प्रसंगाचा अर्धाच भाग वाचतो. मुलाची भूक त्या दुपारी भागते, पण त्याची जखम भागत नाही. भुकेने माणूस वाकतो, ही निसर्गाची गोष्ट आहे. वाकलेल्या माणसाच्या ओंजळीत काय टाकावे, हे मात्र जातिव्यवस्था ठरवते.

म्हणूनच १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. तो आहाराचा उपदेश नव्हता, तो स्वाभिमानाचा आदेश होता. भाकरी नाकारूनही माणूस मोठा होऊ शकतो, हे उपाशी समाजाला सांगण्यास केवढे धैर्य लागते!

या पार्श्वभूमीवर शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाचा विचार करावा लागतो. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची नोंद त्यात आहे. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्याही त्यात आहेत. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. जे आपण निर्धाराने सोडले, ते पुन्हा लिहून का ठेवायचे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. तो अप्रामाणिक नाही.

आमचे उत्तर असे की, सोडणे म्हणजे विसरणे नव्हे. लाचारी सोडायची होती. ती भोगत असतानाही आपल्या आयांनी चुलीपुढे जे कौशल्य कमावले, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. वर्षभराची तजवीज वाळवून ठेवणारी स्त्री ही अन्नशास्त्र जाणणारी स्त्री होती. ग्रंथाच्या शीर्षकातील ‘अपूर्ण’ हा शब्द अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या संस्कृतीस विचारतो, की तुमच्या पूर्णत्वात आमचे ताट कोठे होते?

मात्र एक सावधगिरी हवी. हीच भूक उद्या शहरी ताटातील नवलाईचा पदार्थ होऊन बसली, तर चव उरेल आणि इतिहास गळून पडेल. अशा ग्रंथाचे वाचन पाककृतीपाशी थांबता कामा नये; ती कोणत्या अभावातून जन्मली, हेही त्यासोबत वाचले पाहिजे.

आळवीच्या त्या शेतकऱ्यास आधी अन्न मिळाले आणि मग धम्म. दोहोंच्या मध्ये अपमान नव्हता. आपल्या साहित्याने मागितले आहे ते एवढेच.