एकहाती लेखन आणि त्याचा शोध

मराठी गद्याच्या गेल्या पंचवीस वर्षांचा विचार करू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथमच नजरेत भरते. या काळातील गद्याचा बराच भाग ग्रंथरूपाने किंवा नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेलाच नाही. तो महाजालावरील खाजगी पानांवर, म्हणजे ज्यांना आपण ‘ब्लॉग’ म्हणतो त्यांवर, प्रसिद्ध झाला. आपल्या समीक्षेने त्याची दखल जवळजवळ घेतलेली नाही. याची कारणे दोन सांगितली जातात. या लेखनाला संपादकाची चाळणी नाही, हे एक. आणि त्याचा पसारा इतका अफाट आहे की त्यातून वाचनीय असे शोधून काढणे कोणा एकाच्या आवाक्यातले नाही, हे दुसरे.

पहिले कारण ऐकायला तात्त्विक वाटते, पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासापुढे ते टिकत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक काढले. त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. तेच लेखक, तेच संपादक. काय छापावे, किती लांबवावे, कोणावर शस्त्र धरावे हे ठरविणारा दुसरा कोणी नव्हता. असा कोणी असता, तर लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावरील टीकेतला अन्यायकारक कडवटपणा त्याने कदाचित कमी केला असता, हे खरे; पण मग मालाकारांची ती शैलीही आपल्याला त्याच स्वरूपात लाभली असती की नाही, याची शंका वाटते. पुढे १९५०-६०च्या दशकांत ‘शब्द’, ‘असो’ यांसारखी लघुअनियतकालिके निघाली, तीही प्रस्थापित संपादकाच्या मेजावरून न जाता. तेव्हा संपादकाचा अभाव हा वाङ्मयीन गुणवत्तेचा अभाव ठरत नाही. तो फक्त दोष आणि गुण दोन्ही उघडे ठेवतो.

दुसरे कारण मात्र खरे आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच आहे. ‘निबंधमाले’च्या वाचकाला वर्गणी भरली की अंक घरपोच मिळे. लघुअनियतकालिक मित्राच्या हातून मित्राच्या हाती जाई. महाजालावर एकट्याने लिहिणाऱ्याचा वाचक त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा? मला असे वाटते की, या लेखनप्रकाराचे स्वरूपच या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. आणि ते उत्तर मधल्या काळात बदलल्यामुळे लेखनही बदलले.

येथे नावाचा थोडा विचार केला पाहिजे. ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर या अमेरिकन लेखकाने डिसेंबर १९९७ मध्ये वापरात आणला. ‘लॉग’ म्हणजे जहाजावरील नोंदवही. आपण जालावर आज काय वाचले, कोणते पान चांगले वाटले, याची रोजच्या रोज केलेली नोंद, एवढाच त्याचा मूळ अर्थ. १९९९ मध्ये या शब्दाचा ‘ब्लॉग’ हा संक्षेप रूढ झाला आणि त्याच वर्षी अशी पाने कोणालाही सहज तयार करता येतील अशी सोय झाली. म्हणजे हा प्रकार जन्मला तो वाचकाचा प्रकार म्हणून. लेखकाचा तो नंतर झाला. मराठीत जे ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ हे प्रतिशब्द निघाले, त्यांत ही मूळची छटा हरवली. दोन्ही शब्द आपल्याला रोजनिशीकडे नेतात, आणि रोजनिशी म्हटली की एकांत आला, स्वतःपुरते लिहिणे आले. हिंदीतला ‘चिट्ठा’ हा शब्द मला त्या मानाने अधिक समर्पक वाटतो. त्यात जमाखर्चाची नोंद आहे आणि चिठ्ठीची सलगीही आहे.

पण शब्द कोणताही असो, व्यवहारात मराठी अनुदिनीकारांनीही ते शोधाचे काम केलेच. अनुदिनीच्या पानाच्या कडेला एक यादी असे: लेखक स्वतः जे वाचतो त्या इतर अनुदिन्यांची. या यादीचे महत्त्व आपण पुरते ओळखलेले नाही. ग्रंथालयात पुस्तके विषयवारीने लावलेली असतात. पाककृतीच्या शेजारी पाककृती, प्रवासवर्णनाच्या शेजारी प्रवासवर्णन. कडेची यादी विषय पाळत नसे, ती आवड पाळत असे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरील भटकंती लिहिणाऱ्याच्या यादीत कोणा कवीचे नाव सापडे, त्या कवीच्या यादीत मालवणी स्वयंपाकावर लिहिणारी एखादी बाई, तिच्या यादीत परदेशी स्थायिक झालेला आणि मराठीतून चित्रपटांवर लिहिणारा एखादा अभियंता. एकाने दुसऱ्याची ग्वाही दिलेली असे, आणि ती ग्वाही देणाऱ्याची पारख वाचकाने त्याचे लेखन वाचून आधीच केलेली असे. अशा साखळीने जाणाऱ्या वाचकाला जे वैविध्य भेटे ते कोणत्याही एका संपादकाच्या रुचीत मावणारे नव्हते. आणि तरीही ते अनिर्बंध नव्हते. प्रत्येक दुव्यामागे कोणाचा तरी वाङ्मयविवेक होता. ही समीक्षाच होती. तिने कारणे दिली नाहीत, एवढेच.

या साखळीच्या जोडीला संकलकांची व्यवस्था होती. मराठीत ‘मराठी ब्लॉग विश्व’, हिंदीत ‘नारद’, ‘चिट्ठाजगत’, ‘ब्लॉगवाणी’ अशा ठिकाणी नव्याने लिहिलेल्या लेखांची नोंद कालानुक्रमाने लागत असे. नामांकित आणि नवखा एकाच रांगेत उभे. ज्याने शेवटी लिहिले तो वर. वाचकाला आपल्या निवडीची पाने एका जागी वाचता यावीत म्हणून जी साधने होती त्यांतील सर्वांत प्रचलित असे ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आले. ही तारीख मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात नाही. ती असायला हवी असे माझे मत आहे. कारण याच सुमारास वाचकाने वाचायचे काय, हे ठरविण्याचे काम वाचकाच्या हातून निघून समाजमाध्यमांच्या यंत्राकडे गेले. यंत्र लेखामागची पारख पाहत नाही. त्यावर किती लोकांनी किती त्वरेने प्रतिक्रिया दिली, हे पाहते. अनुदिनीकाराने हे ओळखले आणि तो तेथेच लिहू लागला. लेख आखूड झाला. तो प्रसंगाला चिकटला. कालच्या वादावर आज लिहिले नाही तर उद्या ते कोणी वाचणार नाही, ही घाई त्याच्या वाक्यरचनेत उतरली. महिनोन्‌महिने चालणारी, एकाच विषयाभोवती सावकाश फिरणारी लेखमाला, जी या प्रकाराची खरी कमाई होती, ती विरळ झाली.

शोधयंत्राने ही उणीव भरून निघेल असे कोणी म्हणेल. मराठीपुरते तरी हे उत्तर अपुरे आहे. देवनागरी लिपीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान असले तरी प्रत्यक्ष वापर पुष्कळ उशिरा रुळला. तोपर्यंत निरनिराळ्या टंकांत जे लिहिले गेले ते शोधयंत्राच्या दृष्टीने केवळ निरर्थक चिन्हांची रास होती. पुढे आपल्या भाषेचा स्वभाव आडवा आला. ‘पाऊस’ शोधणाऱ्याला केवळ अक्षरांच्या जुळणीने ‘पावसात’ आणि ‘पावसाने’ सापडत नाहीत, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच पालटते. नंतरच्या शोधयंत्रांनी यावर काही अंशी मात केली. पण मूळ अडचण व्याकरणाची नाहीच. एकाकीपणावरील उत्तम ललित लेखात ‘एकाकीपणा’ हा शब्द बहुधा नसतो. आपल्याला काय हवे ते आधीच ठाऊक असेल तर यंत्र ते देईल. जे हवे आहे हे वाचल्यावरच कळते, ते कसे मागावे?

या लेखनाचे मूल्यमापन करताना हात राखण्याचे कारण नाही. त्यातले पुष्कळसे सामान्य आहे. गावाकडच्या आठवणींचे स्मरणरंजन, विशेषतः देशांतर केलेल्यांच्या लेखनात, इतके ठरावीक झाले आहे की चुलीचा धूर दिसला की पुढचा परिच्छेद वाचकाला तोंडपाठ असतो. ‘हे काढून टाका’ असे सांगणारा कोणी नसल्यामुळे पाल्हाळ आहे. परंतु या प्रकारातील चांगले गद्य ज्या जागी चांगले आहे, त्या जागी आपला छापील ललितनिबंध क्वचितच पोहोचला. फडक्यांच्या पिढीच्या लघुनिबंधाला वाचकाशी गुजगोष्टी करावयाच्या होत्या. पण त्या गोष्टी दिवाणखान्यात बसूनच होत आणि त्यांचा शेवट कसा गोड व्हायचा हे ठरलेले असे. अनुदिनीकार बहुधा व्यवसायाने लेखक नसतो. तो ज्या कामावरून उठून आलेला असतो त्या कामाची भाषा त्याच्या गद्यात येते आणि ती सजविण्याची आवश्यकता त्याला वाटत नाही. लेख कोठे संपवावा याचा दंडक नसल्याने तो कधी कधी विषय संपला तेथेच थांबतो. मराठीत ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही.

२००८ सालापासून ‘रेषेवरची अक्षरे’ या जालावरील दिवाळी अंकाने अनुदिन्यांतील निवडक लेखन एकत्र आणण्याचा उद्योग आरंभिला. तो विद्यापीठांनी किंवा संस्थांनी केला नाही, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनीच केला. यापूर्वीही आपल्याकडे असेच झाले आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि नंतर १९३८ ते १९५० या काळांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली नसती, तर आपले कितीतरी संशोधन अंधारात चाचपडत राहिले असते. त्यांना निदान ग्रंथ कोठेतरी मांडणीवर मिळत होते. १९५४च्या केंद्रीय अधिनियमाने प्रकाशकावर प्रती ग्रंथालयांत पोचविण्याचे बंधन घातले, पण ते छापील ग्रंथांना, आणि १९५६ पासून वृत्तपत्रांना, उद्देशून आहे. अनुदिनी कोणीही कोठेही जमा करीत नाही. लेखकाने पान काढून टाकले, किंवा पाने ठेवणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये ‘जिओसिटीज’च्या बाबतीत केले तसे दुकानच आवरले, तर तिचा मागमूस राहत नाही; ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या परदेशी संस्थेने आपल्या साठ्यात एखादी नक्कल घेतली असेल तेवढीच.

उद्या दात्यांच्या धर्तीवर अशी सूची कोणी करू लागला तर नोंदीत काय लिहावे, हेही सोपे नाही. लेखकाचे नाव पुष्कळदा टोपणनाव असते, आणि ते उघड करण्याचा अधिकार सूचीकाराला नाही. पहिल्या आणि शेवटच्या लेखाची तारीख देता येईल. कडेची यादी मात्र पूर्णच उतरून घ्यावी लागेल, कारण ती वेळोवेळी बदलत असे. मुख्य अडचण पाठाची आहे. छापलेला निबंध छापून झाल्यावर स्थिर होतो; अनुदिनीकार प्रसिद्ध झालेल्या लेखात पुढे केव्हाही फेरफार करतो आणि जुना पाठ नाहीसा होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे निरनिराळ्या पोथ्या तरी होत्या. येथे दोन पाठ ताडून पाहायचे झाले तर जुना पाठ त्या परदेशी साठ्यातील एखाद्या नकलेतच मिळण्याचा संभव आहे. तिच्यावर ती केव्हा घेतली याची तारीख असते. सूचीकाराने लेखाच्या तारखेबरोबर तीही नोंदवावी.