गिरणीतलं सुरक्षा-साहित्य आणि आपली कविता

आपल्याकडे पुस्तकांवर भरपूर बोललं जातं. कुठल्या संग्रहातला विद्रोह अस्सल आणि कुठल्यातला उसना, यावर आपण रात्र रात्र भांडतो. भांडलंच पाहिजे. पण आपला माणूस जे साहित्य रोज सक्तीने वाचतो त्याची समीक्षा कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. हे साहित्य गिरणीच्या गेटवर आणि टाइम ऑफिसच्या भिंतीवर पत्र्यावर रंगवलेलं असतं. पाळीला जाताना एकदा, सुटताना एकदा ते डोळ्यांपुढून जातंच. मोठमोठ्या कवींना एवढे वाचक मिळत नाहीत.

त्याचीच समीक्षा मी इथं करतोय. मी एका सूतगिरणीत कार्ड खात्यात आहे. शाळा नववीला सुटली. समीक्षेची परिभाषा मला येत नाही, पण वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण एवढं कळतं. या कामाला तेवढं पुरतं.

४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून दरसाल ४ मार्चला कारखान्यांत सुरक्षा दिवस पाळतात. आमच्याकडेही शपथ होते, बिल्ले वाटतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते. पहिल्या नंबराला स्टीलचा डबा मिळतो. कामगारच लिहितात आणि त्यांतली दोन-चार वाक्यं पुढं वर्षभर भिंतीवर राहतात. म्हणजे हे साहित्य वरून लादलेलं तर आहेच, पण आपल्याच हातून लिहून घेतलेलंही आहे. म्हणून ते जास्त बारकाईने वाचलं पाहिजे.

ही वाक्यं एका रांगेत वाचा. वापरा. घाला. टाळा. सावध राहा. विसरू नका. सगळी क्रियापदं आज्ञार्थी, आणि आज्ञा कुणाला, तर आपल्याला. मालकाने अमुक बसवावं, मॅनेजरने तमुक मोजावं, असं एकही वाक्य मला सापडलं नाही. या साहित्यात मालक हा कर्ता म्हणून येतच नाही. तो फक्त काळजी करतो, आणि ती काळजी बायकापोरांच्या चित्रातून दाखवतात. घरी वाट बघणारी बाई, दारात उभी पोरगी. चित्र बघून गळा दाटून येतो, आणि त्या गडबडीत विचारायचं राहून जातं की मशीनचं कव्हर काढून कुणी ठेवलंय.

दुसरी गोष्ट. या साहित्यात फक्त अपघात आहे. बोट तुटतं, पाय घसरतो, पट्ट्यात सदरा अडकतो. जे एका क्षणात घडतं आणि रक्त दाखवतं तेवढंच या लेखकांना दिसतं. जे वीस वर्षांत घडतं ते दिसत नाही. धुळीवर सगळ्या भिंतींत मिळून एकच वाक्य आहे : नाकाला रुमाल बांधा.

आता ही धूळ काय आहे ते बघू. कापसाची गाठ फोडली की रुईबरोबर बोंडाची साल, पानाचा चुरा, माती आणि त्यावर वाढलेल्या जंतूंचं विष बाहेर पडतं. ब्लो रूममध्ये रुई झोडपली जाते, कार्डावर विंचरली जाते. म्हणून या दोन खात्यांत धूळ सगळ्यात दाट. पुढं रिंग खात्यात कमी, विणाईत आणखी कमी. केसांवर बसतो तो तंतू आपल्याला दिसतो. छाती खाते ती त्याच्याहून बारीक धूळ. ती दिसत नाही आणि खोल उतरते.

या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. त्याची चाल ठरलेली आहे. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीला छाती आवळते, दम लागतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. माणूस म्हणतो, काल बाहेरचं खाणं झालं, बाधलं असेल. मग दर आठवड्याला पहिल्या दिवशी होतं. मग इतर दिवशीही. शेवटी सुट्टी घेतली, काम सोडलं, तरी दम परत येत नाही. आधीच्या पायरीवर धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सुधारतो. शेवटच्या पायरीवर नाही. रिचर्ड शिलिंग या डॉक्टरने १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत या पायऱ्या लावल्या, त्या मुख्यतः कामगारांना प्रश्न विचारून. छाती कधी आवळते, कोणत्या वारी, किती दिवस. कारण एक्स-रेत या रोगाची अशी स्वतःची खूण दिसत नाही. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर मारून श्वास मोजला तर फरक कळतो. पण त्यासाठी आधी कुणी तरी विचारावं लागतं की बाबा, तू काम काय करतोस.

इटलीच्या रामाझिनी या डॉक्टरने १७०० साली हेच सांगून ठेवलं होतं : रोग्याला त्याचा धंदा विचारा. आपल्याला जात विचारणारे पावलोपावली भेटतात. काम विचारणारा डॉक्टर क्वचित भेटतो. माझा आजा मुंबईत एका गिरणीत कार्ड खात्यात होता, १९८२ च्या संपापर्यंत. त्याच्या कागदांवर दमा लिहिलंय, एका ठिकाणी क्षयाचा संशय लिहिलाय, बिडी सोडा असंही लिहिलंय. बिडी तो ओढायचा. बिडीने हा रोग वाढतो हेही खरं. पण कार्ड खातं हे दोन शब्द एकाही कागदावर नाहीत.

इथं जातीचा प्रश्न येतो. तो मी मुद्दाम ओढून आणत नाही, तो खात्यातच आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढायला लागायचा, त्याला थुंकी लागायची, आणि आपली थुंकी बाटगी. पगार जास्त त्या खात्यात, आणि तेच बंद. आपला माणूस कताईकडच्या कमी पगाराच्या खात्यांत राहिला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं उघड मांडला. आपण तो आजवर पगाराचा आणि मानाचा प्रश्न म्हणून वाचला, आणि तो तसा आहेच. पण तो श्वासाचाही आहे. जातीने खातं ठरलं आणि खात्याने फुप्फुस ठरलं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापड गिरण्यांत १९६० च्या दशकापर्यंत काळ्या माणसाला घेतलंच तर बहुतेक गाठी फोडायच्या आणि पिंजायच्या धुळीच्या कामावर. ज्यांच्या पँथरचं नाव आपण १९७२ साली घेतलं त्यांचेच हे भाऊबंद. तिथं १९७५ च्या सुमाराला कॅरोलिना भागातल्या थकलेल्या, दम लागलेल्या गिरणी कामगारांनी ब्राउन लंग असोसिएशन नावाची संघटना बांधली. म्हातारी माणसं सुनावणीला जाऊन धापा टाकत साक्ष देत होती. १९७८ साली सरकारने धुळीची मर्यादा घातली : सूत काढायच्या खात्यांत घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम. मालक कोर्टात गेले, खर्च परवडत नाही म्हणाले. १९८१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने नियम कायम ठेवला. मग मशीनं झाकली गेली, हवा ओढणारे पाइप बसले, धूळ खाली आली. रुमालाने ती खाली आली नव्हती.

म्हणून धूळ रोखायचा क्रम नीट लक्षात ठेवा, कारण भिंतीवरचं साहित्य तो उलटा शिकवतं. पहिलं, कापूस स्वच्छ आणा. दुसरं, धूळ जिथं निघते तिथंच मशीन झाका आणि तिथूनच ती ओढून बाहेर काढा. तिसरं, झाडू आणि हवेचा पाइप मारून साफसफाई बंद करा, कारण त्याने बसलेली धूळ पुन्हा उठते. ओढून घेणाऱ्या यंत्राने साफ करा. चौथं, हवेतली धूळ मोजा, कामगाराचा श्वास मोजा, ज्याचा उतरलाय त्याला पगार न कापता दुसऱ्या खात्यात द्या. मास्क सगळ्यात शेवटी, आणि तोही बारीक धूळ अडवणारा. साधा रुमाल ती धूळ अडवत नाही. या क्रमातल्या पहिल्या चारही कामांचा कर्ता मालक आहे. फक्त शेवटच्या वाक्यात कामगार येतो. भिंतीवर तेवढंच शेवटचं वाक्य रंगवलेलं आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्याचं चौदावं कलम काढून वाचा. धूळ श्वासात जाऊ नये, साठू नये म्हणून परिणामकारक उपाय झाले पाहिजेत, हवा ओढायचं यंत्र धूळ निघते त्याच्या शक्य तितकं जवळ लावलं पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिसचं नाव होतं, राज्य कामगार विमा कायद्याच्या परिशिष्टातही होतं. या कायद्याची जागा घेणारी संहिता २०२० साली संसदेत मंजूर झाली. तिच्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणायला दहाऐवजी वीस कामगार लागतात. दहा-पंधरा माणसांचं शेड मग कुठं मोजायचं? कायद्याची भाषाही आपण कवितेइतकीच जागरूकपणे वाचली पाहिजे, कारण तिच्यातल्या एका आकड्याने हजारो फुप्फुसं आत-बाहेर होतात.

आता आपल्या कवितेकडे येतो. राग आला तर येऊ द्या.

आपल्या मंडळांत वाचल्या जाणाऱ्या कामगार कवितांत भोंगा असतो, चिमणी असते, घाम असतो, रक्त असतं. कापसाची धूळ आलीच तर ती कफन होऊन येते, नाहीतर बर्फ होऊन, नाहीतर छातीत फुललेलं पांढरं फूल होऊन. टाळ्या पडतात. पण माणूस कोणत्या खात्यात होता, मशीन उघडं कुणी ठेवलं, छाती पहिल्यांदा कधी आवळली, हे त्या कवितेत नसतं. भिंतीवरचं साहित्य म्हणतं, कामगार निष्काळजी आहे म्हणून मरतो. आपली कविता म्हणते, कामगार हुतात्मा आहे म्हणून मरतो. दोन्हींत मालकाला क्रियापद नाही. दोन्हींत धूळ म्हणजे नशीब. आणि नशीब ही गोष्ट आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलोय.

कवितेने अहवाल व्हावं असं मी म्हणत नाही. पण दलित साहित्याचं बळ कशात होतं? ज्याला नाव नव्हतं त्याला नाव देण्यात. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा ज्या गल्लीचे शब्द कोशात नव्हते ते कवितेत आले आणि प्रस्थापितांना कोश शोधावा लागला. मग ब्लो रूम, स्ट्रिपिंग, सुट्टीनंतरची पाळी, फुंकरीचं यंत्र हे शब्द आपल्या कवितेत का लाजतात? ते काव्यमय नाहीत असं ज्याला वाटतं त्याने सदाशिव पेठेतलं सौंदर्यशास्त्र उसनं आणलंय.

जे गिरणीत नाहीत त्यांनाही हे लागू आहे. गटारात माणूस गेला की पहिली बातमी येते : सुरक्षा साधनं वापरली नव्हती. पुन्हा कर्ता तोच, मेलेला. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणं गुन्हा ठरवलं. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या वारसांना ३० लाख द्यायला सांगितले. पण वर लिहिलेल्या क्रमात पहिली पायरी एकच आहे : माणूस खाली उतरवायचाच नाही. दगडखाण, चामड्याचा कारखाना, कचरा डेपो, सगळीकडे हा क्रम लावून बघा.

मित्रांनो, या महिन्यात एक काम करा. आपापल्या वस्तीतल्या कताई खात्यातल्या माणसांजवळ वही घेऊन बसा. चार प्रश्न विचारा. कोणत्या खात्यात किती वर्षं? सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते का? आता इतर दिवशीही आवळते का? डॉक्टरने काम विचारलं का? तारखेसह लिहा. बदली आणि ठेक्यावरच्या माणसांना आधी विचारा, कारण मस्टरवर त्यांचं नाव सापडणार नाही. विमा दवाखान्यात सोबत जा आणि केसपेपरवर खातं लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नका. एकाची वही म्हणजे तक्रार. पन्नास जणांच्या वह्या म्हणजे पुरावा, आणि तो घेऊन औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या दारात उभं राहता येतं.

आणि येत्या ४ मार्चला घोषवाक्यांची स्पर्धा लागली तर जरूर भाग घ्या. फक्त वाक्याचा कर्ता बदला. डबा मिळणार नाही. पण त्या भिंतीवर इतक्या वर्षांत पहिलं खरं वाक्य लिहिलं जाईल.

जयभीम.