मायनर व्हाइट : प्रतिमा आणि अनुक्रम

अमेरिकन छायाचित्रकार मायनर व्हाइट (१९०८–१९७६) यांनी १९४६ पासून सॅन फ्रान्सिस्कोत व १९६५ पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन केले. १९५२ मध्ये निघालेल्या ‘अ‍ॅपर्चर’ या नियतकालिकाचे ते एक संस्थापक व संपादक होते. स्टीग्लित्स यांच्या मेघचित्रांमागील ‘समतुल्यते’ची कल्पना त्यांनी पुढे नेली. चित्रातील खडक वा हिम हे केवळ वर्ण्यवस्तू नसून भावावस्थेचे प्रतिरूप होत, अशी त्यांची भूमिका होती.

परंतु अर्थ प्रेक्षकाच्या मनात सिद्ध होत असेल, तर शिक्षकाने विद्यार्थ्याचे चित्र कोणत्या निकषावर पारखावे? याचे उत्तर व्हाइट यांच्या विवेचनापेक्षा त्यांच्या चित्रमालिकांत अधिक स्पष्टपणे आढळते. वाक्यात शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांनी नियत होतो. मालिकेत प्रतिमेचा अर्थ मागच्यापुढच्या प्रतिमांनी. क्रम बदलला की अर्थ ढळतो. म्हणूनच रचनेची चिकित्सा शक्य होते.

तथापि एकच चित्र समोर ठेवून मौन चिंतन करावयास लावणाऱ्या त्यांच्या पाठांना हा आधार लाभत नाही. तेथे गुरूचा अधिकार हाच निकष होऊन बसण्याचा संभव राहतो. व्हाइट यांचे शिकविता येण्याजोगे संचित त्यांच्या गूढवादात नव्हे, तर या अनुक्रमात आहे.