खाडीपलीकडचे शहर आणि अलीकडची उपनगरे

नवी मुंबईची मूळ संहिता सरकारी कचेरीत लिहिली गेली नाही. ती एका नियतकालिकात आली. मुल्कराज आनंद संपादित करीत असलेल्या ‘मार्ग’च्या जून १९६५च्या अंकात चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोन वास्तुरचनाकार व शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंता यांनी मुंबईच्या विस्ताराचा पर्याय मांडला. आराखड्याकडे एक लेखन म्हणून पाहण्याचा, म्हणजे त्यात काय दिसते, काय वगळले जाते आणि कोणते शब्द वापरले जातात हे तपासण्याचा, अधिकार समीक्षकाला त्यामुळे आपोआपच मिळतो, असे मी मानतो.

त्यांचा युक्तिवाद आजही वाचावा असा स्वच्छ आहे. मुंबई दक्षिणोत्तर लांबट. कामाच्या जागा दक्षिण टोकाला, घरे उत्तरेकडे सरकणारी. सकाळी सारी गर्दी एका दिशेला, संध्याकाळी उलट. ही रेघ आणखी लांबवण्याऐवजी शहर पूर्वेला, खाडीपलीकडे वळवावे आणि सरकारी कचेऱ्याही तिकडे न्याव्यात. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या प्रकल्पाखाली आली. कोरिया मुख्य वास्तुरचनाकार झाले. १९७३ मध्ये वाशीचा पूल वाहतुकीला खुला झाला.

आता या संहितेतली गोम. आराखडा पैशाच्या बाबतीत फार हुशार होता. शेतजमिनीच्या भावाने जमीन घ्यायची, रस्ते-पाणी आणायचे, वाढलेल्या भावाने विकायची आणि त्या फरकातून शहर उभारायचे. पण हा फरक मुळात कोणाचा? भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांचा. शहर ‘नोड’मध्ये विभागले गेले, नोड ‘सेक्टर’मध्ये; गावे मात्र ‘गावठाण’ या एका शब्दात आवळली गेली आणि माणसे ‘प्रकल्पग्रस्त’ झाली. ग्रस्त हा शब्द आपण रोगाला, दुष्काळाला, पुराला लावतो. सरकारी मराठीने इथे नकळत खरे बोलून टाकले आहे.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, ती या लढ्याच्या बळावर. आज ‘साडेबारा टक्के’ हा त्या भागातल्या बोलीतला पूर्ण अर्थाचा शब्द आहे. कशाचे, असे कोणी विचारीत नाही. वाढत्या कुटुंबांनी गावठाणाबाहेर बांधलेल्या घरांना कागदोपत्री नाव मिळाले, ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. माझ्या मते या शहराच्या वाङ्मयातली ही सर्वात करुण शब्दरचना आहे. गरज आराखड्यात नव्हती, म्हणून ती नंतर शेऱ्यासारखी जोडावी लागली.

मी मुलुंडला राहतो, त्यामुळे खाडीकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. मुंबईच्या कोंडीवरचा उतारा म्हणून नवी मुंबईचे कौतुक होते, तेव्हा जनगणनेचे आकडे बाजूला राहतात. १९७१ साली शहर बेटाची लोकसंख्या सुमारे ३०.७ लाख होती आणि उपनगरांची २९ लाख. २०११ साली बेट ३०.८ लाखांवरच होते, उपनगरे ९३.६ लाखांवर गेली. त्याच जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११.२ लाखांच्या आसपास होती. बेटाची वाढ थांबली खरी, पण त्या काळात वाढलेली माणसे मुख्यतः अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि त्यांच्या मधल्या ठाण्यांवर उतरली. खरे ‘नवे मुंबई शहर’ इथे घडले आणि त्याला कोणी गौरवग्रंथ लिहिला नाही.

इथे नियोजन नव्हतेच असेही नाही. मुलुंडच्या पश्चिम भागाची काटकोनी रस्त्यांची रचना आणि पाच रस्ता चौक १९२२च्या क्राउन अँड कार्टर यांच्या आराखड्यातले. तेही खासगी जमीनदाराने करून घेतलेले. १९५० आणि १९५७च्या हद्दवाढीने ही उपनगरे महापालिकेत आली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ उभे राहिले, नंतर वांद्रे-कुर्ला संकुल आले. रोजगार उत्तरेकडे सरकला, म्हणजे ‘मार्ग’मधल्या लेखाने ज्या रेघेला नको म्हटले होते तिच्यावरच. मंत्रालय बेलापूरला गेले नाही. सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला भराव टाकून मनोरे उभे राहिले. सरकारनेच आपल्या नव्या शहराशी स्पर्धा केली. वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये, पुलानंतर एकोणीस वर्षांनी. मुलुंड-ऐरोली पुलाला १९९९ उजाडले.

जकार्ताजवळच्या सेरपोंगचे उदाहरण मला यासंदर्भात बोलके वाटते. बुमी सेरपोंग दामाई हे उपग्रह शहर १९८०च्या दशकात रबराच्या मळ्यांच्या जागी, खासगी विकासकांच्या समूहाने, सुमारे ६,००० हेक्टरांवर आखले. तिथे शासनाने जमीनविक्रीचा धंदा कंपन्यांवर सोपवला. आपल्याकडे शासनाने स्वतःच कंपनी काढली. दोन्हीकडे गिऱ्हाईक मध्यमवर्ग. फरक हा की सिडकोला निदान ‘जनहित’ हा शब्द वापरावा लागतो, आणि वापरला की त्याचा हिशेब मागता येतो. दि. बां.नी तोच मागितला.

कोरियांवर मला अन्याय करायचा नाही. बेलापूरच्या कलाकार वसाहतीत त्यांनी स्वतंत्र भिंतींची, अंगण असलेली, वाढवता येणारी लहान घरे रचली. कुटुंब वाढते, घरही वाढावे, ही तिथली मूळ धारणा. नेमकी तीच मुभा शेजारच्या गावठाणांना कायद्याने नाकारली, हा विरोधाभास त्यांच्या चाहत्यांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याला दि. बां.चे नाव द्यावे यासाठी गावे रस्त्यावर उतरली होती. विमानतळाभोवती सिडको आता ‘नैना’ आखते आहे. तिथल्या नगररचना योजनांत जमीनमालकाला ४० टक्के विकसित भूखंड परत मिळतो. साडेबारावरून चाळीस. तरीही तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि तो टक्क्यापुरता आहे असे मला वाटत नाही: उरलेले साठ टक्के कशासाठी, हे ठरवताना त्यांना बोलावले होते का, असा त्यांचा प्रश्न आहे.