यमुनेची मालती झाली, पुढे काय?

जॉन स्टुअर्ट मिल म्हणतो, विशेषनाम ही नुसती खूण असते. ती व्यक्ती दाखवते, तिच्याविषयी काही सांगत नाही. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. मराठी मुलींच्या नावांपाशी मात्र ते अडतं.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७चं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९०च्या सुमाराची. दोन्हींची नायिका यमुना. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी, दोघीही माहेरच्या यमुनाच. गंमत पाहा, नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असं मनुस्मृती सांगते. आणि तीच प्रमाण मानणाऱ्या घरांत यमुना, गोदावरी, भागीरथी नांदत होत्या. हाक मारता मारता तीर्थाचं नाव तोंडी यावं, हा हेतू. म्हणजे नाव मुलीचं, पुण्य हाक मारणाऱ्याचं!

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत पांढरपेशा घरांतून या नद्या ओसरल्या. कुसुम, मालती, विमल, सुशीला, शकुंतला आल्या. याचं श्रेय आपण स्त्रीशिक्षणाला देतो, रंगभूमीला देतो. 'शाकुंतल' १८८०चं, 'शारदा' १८९९चं. संस्कार झालाच असणार. पण याला सरसकट प्रगती म्हणायला मी तयार नाही. यमुना हे नाव मुलीकडून काही मागत नव्हतं. सुशीला मागतं. विमल मागतं. कुसुमनं तर फुलासारखं दिसायचंही. पूर्वी आपण स्वतःसाठी पुण्य मागत होतो, आता मुलीकडून गुण मागू लागलो. नावं गोड झाली, अट वाढली.

आणि एवढं करून ते नाव टिकायचं कुठपर्यंत? लग्नापर्यंत. तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरं नाव लिहिलं, की संपलं. माझी आई गेल्यावर मामांचं एक जुनं पत्र हाती आलं. मायन्यात एका फुलाचं नाव. मी बायकोला विचारलं, "ही कोण गं?" ती म्हणाली, "अहो, तुमच्या आई!" सासूनं सुनेला सांगितलं होतं, मुलानं कधी विचारलं नव्हतं.

म्हणून मला बाळूताई खरे महत्त्वाच्या वाटतात. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' त्यांनी विभावरी शिरूरकर या नावानं छापलं. लोकांच्या रोषापासून लपण्यासाठी घेतलेलं नाव, हे खरंच. लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या, हेही खरं. पण विभावरी म्हणजे रात्र. तीर्थ नाही, फूल नाही, सद्गुणही नाही. आईबापांनी दिलेलं नाही, नवऱ्यानं लिहिलेलं नाही. तिन्ही नावांत हे एकच त्यांनी स्वतःच्या लेखणीसाठी ठरवलं, आणि त्याच नावानं त्या बोलू शकल्या.

मिलची खूण मला इथे सापडते. थांबतो. प्रश्न घेऊ या.